एकट्या हवामान केंद्रावरून गडगडाटी वादळाची आगाऊ सूचना: किती मिळू शकते?

गच्चीवरचं_केंद्र

नमस्कार. शाळेच्या आवारात स्वयंचलित हवामान केंद्र बसवलं आहे. हेतू एकच, गडगडाटी वादळ येण्याआधी मैदानावरची मुलं आत घेता यावीत. त्यासाठी निदान वीस मिनिटं हाताशी हवीत.

मांडणी अशी: तापमान-आर्द्रतेचा संवेदक पांढऱ्या चकत्यांच्या आवरणात, जमिनीपासून २ मीटरवर. वायुदाबाचा संवेदक आतल्या खोलीत, डिस्प्लेमध्येच. पर्जन्यमापक टिपिंग बकेट प्रकारचा (छोटी बकेट भरली की उलटते, तीच एक टिप), एका टिपेला ०.२ मिमी. वारामापक गच्चीच्या कठड्याला लावलेल्या दीड मीटरच्या दांडीवर. नोंद दर ५ मिनिटांनी.

सूचनेचा नियम: तीन तासांत दाब २ हेक्टोपास्कलने उतरला की भोंगा वाजतो. पण उन्हाळ्यात तो दुपारी तीन-चारच्या सुमारास जवळजवळ रोज वाजतो, आणि खरं वादळ येतं तेव्हा नोंदीत दाब उतरण्याऐवजी चढलेला दिसतो. डिस्प्लेवरचं सूर्य-ढगाचं चित्र तर भलतंच काही सांगत असतं.

दोष संवेदकात आहे की नियमात? एका केंद्रावरून वीस मिनिटांची सूचना मिळूच शकते का? आणि मोठ्या हवामान संस्थांनाही 'अमुक ठिकाणी अमुक वाजता' असं का सांगता येत नाही?

वातकुक्कुट

संवेदक बहुधा ठीक आहे. नियम बदलायला हवा.

वायुदाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सूर्याच्या उष्णतेमुळे संपूर्ण वातावरणात उठणारी ही भरती-ओहोटी आहे. स्थानिक वेळेप्रमाणे सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमारास दाब सर्वांत जास्त, पहाटे चार आणि दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी. विषुववृत्ताच्या आसपासच्या प्रदेशात सकाळी दहा ते दुपारी चार या सहा तासांत दाब सुमारे ३ हेक्टोपास्कल उतरतो, आभाळ निरभ्र असलं तरी. ध्रुवांकडे जावं तसा हा फरक घटत जातो आणि ५०-६० अक्षांशांवर १ हेक्टोपास्कलच्याही खाली येतो. तुमचा भोंगा रोज ही ओहोटी पकडतो आहे.

उपाय सोपा आहे. वादळाचे दिवस वगळून महिनाभराच्या नोंदी घ्या. दिवसाच्या प्रत्येक तासाला दाब त्या दिवसाच्या सरासरीपेक्षा किती वर किंवा खाली असतो, ते काढा आणि त्याची सरासरी करा. चोवीस आकड्यांचा हा तक्ता चालू नोंदीतून वजा केला की उरतो तो हवामानामुळे झालेला बदल. ऋतू बदलला की तक्ता नव्याने करायचा.

डिस्प्लेवरच्या चित्राकडे या कामापुरतं लक्षच देऊ नका. अशी चित्रं बहुतेक दाबाच्या चढउतारावरून निघतात. ही पद्धत मध्य अक्षांशांवरून सरकणाऱ्या शेकडो किलोमीटर रुंदीच्या कमी दाबाच्या पट्ट्यांसाठी चांगली चालते, कारण तिथे दाब बारा-चोवीस तास सावकाश उतरत राहतो. गडगडाटी वादळाचा एक ढग दहा-वीस किलोमीटरचा, त्याचं आयुष्य अर्धा ते एक तास. तीन तासांच्या उतारात तो सापडणारच नाही.

आता दाब चढतो का ते. पाऊस ढगाखालच्या कोरड्या हवेतून पडताना त्याचं बाष्पीभवन होतं, हवा गार आणि जड होते, खाली कोसळते आणि जमिनीवर चारी बाजूंना पसरते. या गार थराची जाडी १ किमी आणि तो भोवतालच्या हवेपेक्षा ८ अंश गार धरला तर हिशेब असा: घनता १.१ गुणिले गुरुत्व ९.८ गुणिले उंची १००० मीटर गुणिले ८ भागिले ३०० केल्विन. उत्तर सुमारे २९० पास्कल, म्हणजे २.९ हेक्टोपास्कल. इतका दाब पाच-दहा मिनिटांत वाढतो. दाबाची ही अचानक उडी हीच वादळाची खूण आहे, आणि तुमच्या नोंदीत ती आलेली आहे.

मिनिटागणिक नोंद ठेवली तर क्रम साधारण असा दिसतो: आधी वारा पडतो किंवा वादळाच्या दिशेने वाहू लागतो, मग दाब चढायला लागतो, लगेच वाऱ्याची दिशा एकदम बदलते आणि सोसाटा सुटतो, त्यापाठोपाठ तापमान कोसळतं, पाऊस सगळ्यांत शेवटी. गार हवेची आघाडी पावसाच्या काही किलोमीटर पुढे धावत असते. तिचा वेग वरच्याच आकड्यांवरून सेकंदाला १२ मीटर, म्हणजे ताशी ४३ किमीच्या आसपास येतो. पाऊस ५ किमी मागे असेल तर तुम्हाला पावसाआधी ७ मिनिटं मिळतील. वाऱ्याआधी मात्र शून्य, कारण केंद्राला आघाडी कळते तेव्हा ती मैदानावर पोचलेली असते. विजेसाठी तर ही सूचना उशिराचीच आहे.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही. फक्त स्वतःच्या केंद्रावरून वीस मिनिटं मिळत नाहीत. शेजारच्या केंद्रांवरून मिळतात. वादळ ज्या बाजूने यायचं त्या बाजूला २० किमीवर कुणाचं केंद्र असेल आणि त्याची मिनिटाची नोंद तुम्हाला दिसत असेल, तर ताशी ४३ किमी वेगाने २८ मिनिटं हाती येतात.

पर्जन्यनोंद

वातकुक्कुट यांच्याशी सहमत. पण ५ मिनिटांच्या नोंदीवर यातलं काहीच चालणार नाही. समजा दोन केंद्रं वादळाच्या वाटेवर १२ किमी अंतरावर आहेत आणि वारा फिरल्याची वेळ पहिल्यावर १७:०५, दुसऱ्यावर १७:२१. सोळा मिनिटांत १२ किमी, म्हणजे ताशी ४५ किमी. आता नोंद पाच मिनिटांची असेल तर खरा फरक ११ ते २१ मिनिटांमध्ये कुठेही असू शकतो, आणि वेग ताशी ६५ ते ३४ किमी. अशा आकड्यावर कुणाला आत घेणार? नोंद १ मिनिटावर आणा, आणि दोन्ही केंद्रांची घड्याळं इंटरनेटवरच्या प्रमाणवेळेशी रोज जुळतील असं करा. स्वस्त नोंदयंत्रांची घड्याळं महिन्याला मिनिटभर सहज सरकतात.

बाकी उपकरणांबद्दल क्रमाने.

वारामापक. कठड्यावर दीड मीटर म्हणजे इमारतीने उसळवलेल्या वाऱ्यात. जागतिक हवामान संघटनेचा दंडक मोकळ्या जागेत १० मीटर उंचीचा, आणि अडथळा त्याच्या उंचीच्या निदान दहापट अंतरावर. आवारात हे जमत नाही, मान्य. मग खांब गच्चीच्या मध्यभागी घ्या आणि झेपेल तितका उंच करा. तीन बाजूंनी तारांचे ताण द्या, नाहीतर खांब थरथरतो. २ मीटरवरचा वेग १.४ ने गुणून १० मीटरचा काढण्याचा प्रघात आहे, पण तो सपाट, मोकळ्या गवताळ जमिनीवर आणि स्थिर वाऱ्यात. इमारतीवर लागू करू नका. तुम्हाला वेगाच्या अचूक आकड्यापेक्षा दिशा फिरल्याचा क्षण हवा आहे, त्यामुळे दिशादर्शकाच्या चारी बाजू मोकळ्या असणं जास्त महत्त्वाचं. सरासरी आणि झोत वेगळे नोंदवा: सरासरी १० मिनिटांची, झोत ३ सेकंदांचा.

दाब. आतल्या खोलीतला संवेदक चालतो, पण दार आपटणं, पंखे, एसी यांनी दाबात छोट्या उड्या येतात आणि भोंग्याला त्या खऱ्या वाटतात. वारा हा त्याहून मोठा त्रास. सेकंदाला २० मीटरचा झोत पेटीच्या छिद्रावर सरळ आदळला तर सुमारे २.४ हेक्टोपास्कलचा खोटा दाब तयार होतो, म्हणजे जी उडी शोधायची तिच्याच मापाचा. संवेदक बाहेर नेलात तर छिद्र खालच्या बाजूला आणि त्यापुढे वारा अडवणाऱ्या चकत्या हव्यात. तुमच्या कामाला समुद्रसपाटीवर आणलेला दाब लागतच नाही, कच्चा दाब वापरा. समुद्रसपाटीचा दाब काढताना काही यंत्रं बाहेरचं तापमान धरतात, आणि तापमान ८ अंशांनी कोसळलं की त्या सूत्रामुळे दाबात भर पडते. केंद्र जितकं उंचावर, तितकी ही खोटी भर मोठी.

तापमान. चकत्यांच्या आवरणात हवा आपोआप खेळते, पण ऊन कडक आणि वारा पडलेला असेल तेव्हा आतलं तापमान खऱ्यापेक्षा १ ते २ अंश जास्त दिसतं. नेमकी वादळाआधीची वेळ अशीच असते. मग वारा सुटला की तापमान उतरतं, त्यातला एक-दोन अंशांचा भाग आवरण गार होण्याचा असतो, हवेचा नव्हे. छोटा पंखा लावून आतून हवा ओढत ठेवली की हा दोष जातो.

पर्जन्यमापक. याला सूचनेच्या साखळीत घेऊ नका. खांब थरथरला की पाऊस नसताना टिपा पडतात. कोळ्याचं जाळं, पानं, विष्ठा यांनी नळी तुंबते आणि मुसळधार पावसात शून्य दिसतं. जोराच्या पावसात तो कमीही मोजतो: ताशी २०० मिमी वेगाने पडताना ३.६ सेकंदांना एक टिप येते, बकेट उलटायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास लागतं आणि तेवढ्या वेळचं पाणी चुकीच्या बाजूला जातं. दहा टक्क्यांच्या घरात घट. शिवाय मिनिटात एक टिप म्हणजे ताशी १२ मिमी, दोन म्हणजे २४. मधलं काही दिसतच नाही. तीव्रता हवी असेल तर दोन टिपांमधलं अंतर सेकंदात मोजा.

तपासणी करायची तर तोंडाचा व्यास २० सेमी असलेल्या मापकाला ०.२ मिमीसाठी ६.२८ मिली पाणी लागतं. एक लिटर पाणी तासाभरात थेंबथेंब सोडा. १५९ टिपा यायला हव्यात. १५०पेक्षा कमी आल्या तर खालचे स्क्रू फिरवून पुन्हा करा. आधी मापक पातळीत आहे ना, ते पाहा. निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

गच्चीवरचं_केंद्र

खूप उपयोगी. कच्चा दाब आणि १ मिनिटाची नोंद आजच करतो. एक शंका: वारा फिरल्यावर कळण्यापेक्षा सकाळीच 'आज धोका आहे' एवढं तरी केंद्रावरून कळू शकेल का? सकाळच्या दमटपणाचा काही उपयोग? दमट दिवशी वादळ होतं असं सगळेच म्हणतात, पण नोंदीत अनेक दमट दिवस कोरडेच गेलेले दिसतात.

उभा_छेद

दमटपणाचा उपयोग आहे, पण टक्क्यांचा नाही. सापेक्ष आर्द्रता तापमानाबरोबर हलते. सकाळी ९० टक्के आणि दुपारी ४५ टक्के असताना हवेतलं पाणी तेवढंच असू शकतं. दवबिंदू पाहा, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत गार झाली की दव धरू लागतं ते तापमान. ३४ अंश आणि ५० टक्के म्हणजे दवबिंदू सुमारे २२ अंश. तापमान आणि दवबिंदू यांच्या फरकाला १२५ ने गुणलं की ढगाचा तळ मीटरमध्ये मिळतो: १२ गुणिले १२५, म्हणजे १५०० मीटर. दुपारी ऊन वाढत असूनही दवबिंदू टिकून राहिला किंवा चढला, तर खालच्या थरात बाष्प भरपूर आहे. तो झपाट्याने उतरला तर वरची कोरडी हवा खाली मिसळते आहे, आणि बहुतेक वेळा त्या दिवशी ढग वाढत नाहीत.

इथे संवेदकाची चूक महागात पडते. आर्द्रता ५० ऐवजी ५३ टक्के दिसली, जी साध्या संवेदकाची नेहमीची मर्यादा आहे, तर दवबिंदू २२ ऐवजी २३ होतो. हा एक अंश वादळाच्या ऊर्जेचा हिशेब किलोला शेकडो जूलने बदलतो. एक दिलासा: आवरण तापल्यामुळे तापमान जास्त दिसत असेल तरी दवबिंदू फारसा बिघडत नाही, कारण तापलेला संवेदक त्याच प्रमाणात आर्द्रता कमी दाखवतो. अट एकच, दोन्ही मापं एकाच चिपवरची हवीत.

आर्द्रतेची तपासणी घरी होते. घट्ट झाकणाच्या बरणीत वाटीभर मीठ घेऊन ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला. संवेदक पाण्याला न टेकता आत टांगा, बरणी बंद करून सावलीत, एकसारख्या तापमानात ठेवा. आठ-दहा तासांनी आकडा ७५ टक्क्यांवर स्थिरावायला हवा. मॅग्नेशियम क्लोराइडची अशीच लापशी ३३ टक्के देते. दोन्ही टोकांना चूक सारखीच असेल तर तेवढी वजाबाकी पुरे. एका टोकाला चार आणि दुसऱ्याला दहा असेल तर संवेदक बदला.

आता दमट दिवस कोरडे का जातात. जमिनीवरचं केंद्र वातावरणाचा तळ पाहतं, वादळ १२-१५ किमी उंचीपर्यंत बांधलं जातं. जमिनीवर दवबिंदू २४ असला तरी दीड-दोन किमीवर उष्ण हवेचा थर बसला असेल, तर खालून उठणारा हवेचा फुगा तिथेच अडतो. हवामानवाले या अडसराला सिन म्हणतात आणि अडसर ओलांडल्यावर मिळणाऱ्या ऊर्जेला केप. केप किलोला २००० जूल असेल तर सिद्धांताप्रमाणे वर चढणाऱ्या हवेचा वेग त्याच्या दुपटीचं वर्गमूळ, म्हणजे सेकंदाला ६३ मीटर. कोरडी हवा मिसळणं आणि पाण्याचं वजन यामुळे प्रत्यक्षात साधारण निम्मा. गारा तोलून धरायला तोही पुरतो. पण सिन १०० जूल असेल आणि तो फोडायला डोंगर, समुद्रवारा किंवा आधीच्या वादळाची गार आघाडी यांपैकी काही मिळालं नाही, तर ती सगळी ऊर्जा संध्याकाळी तशीच मावळते. त्याच दिवशी तीस किलोमीटरवर अडसर जरा पातळ असला की तिथे प्रलय.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं मूळ इथेच आहे. वरच्या थरांची प्रत्यक्ष मोजणी उपकरणं बांधलेल्या फुग्यांनी होते. जगभर ते जागतिक प्रमाणवेळेच्या ०० आणि १२ वाजता सोडले जातात, आणि दोन ठिकाणांमध्ये अनेकदा शेकडो किलोमीटरचं अंतर असतं. उपग्रह आणि विमानांच्या नोंदी मदत करतात, पण खालच्या दोन किलोमीटरमधला तो पातळ थर त्यांनाही नीट दिसत नाही. मग संगणकाची प्रारूपं. जाळीतलं अंतर ९ किमी असेल तर प्रारूपाला नीट दिसणारी सर्वांत छोटी गोष्ट त्याच्या सहा-आठपट, म्हणजे पन्नास-सत्तर किलोमीटरची. वादळाचा वर चढणारा झोत असतो काही किलोमीटर रुंद. ३ किमीच्या जाळीत वादळं उमटतात, त्यांची जातही बरोबर येते, जागा आणि वेळ मात्र चुकते. एडवर्ड लॉरेन्झ या हवामानशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये दाखवलं की सुरुवातीच्या स्थितीतला अतिसूक्ष्म फरक पुढे वाढत जातो. तो जितक्या छोट्या मापाच्या गोष्टीत असेल तितक्या लवकर वाढतो. वादळाच्या मापावर ही मुदत काही तासांचीच आहे. म्हणून एकच अंदाज न काढता थोड्याथोड्या वेगळ्या सुरुवातींनी वीस-पन्नास अंदाज काढतात आणि टक्केवारी देतात. '४० टक्के शक्यता' याला कुणी हातचं राखून बोलणं समजू नये. त्या क्षणी असलेल्या माहितीतून निघणारं ते सर्वांत प्रामाणिक उत्तर आहे.

आणि केप मोठा म्हणजे वादळ मोठं, असं समीकरण करू नका. ० ते ६ किमी उंचीमध्ये वाऱ्याचा फरक कमी असेल तर पाऊस स्वतःच्याच चढत्या झोतात पडून त्याला विझवतो आणि पाऊण तासात सगळं संपतं. फरक सेकंदाला १५-२० मीटरच्या वर गेला की पाऊस बाजूला पडतो, झोत जिवंत राहतो, आणि वादळ तासन्‌तास टिकून फिरू लागतं. तीव्र वादळांचा अंदाज करणारे म्हणूनच वारा आधी पाहतात.

किरणकोन

एवढं सगळं असताना सरळ रडार पाहा आणि एक वीजसूचक लावा. एएस३९३५ चिपचा संवेदक ४० किमीपर्यंतची वीज पकडतो, अंतरही सांगतो. ४० किमी म्हणजे ताशी ४३ किमीने जवळजवळ तास. केंद्राच्या नोंदींची गरजच काय?

वातकुक्कुट

वीजसूचक लावावाच, त्यात दुमत नाही. पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर मुलं मैदानावर ठेवू नयेत. ती चिप ५०० किलोहर्ट्झच्या आसपासचा रेडिओ आवाज ऐकते. मोबाइलचे चार्जर, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, मोटारी, सगळे तिथेच बोलतात. चिपचा अँटेना ५०० किलोहर्ट्झला साडेतीन टक्क्यांच्या आत जुळवावा लागतो, तो न जुळवता वापरणारे बरेच असतात. शिवाय अंतर ती मोजत नाही; विजेच्या जोरावरून संख्याशास्त्राने अंदाज बांधते. दिशा तर नाहीच. ३० किमीवरचं वादळ तुमच्याकडे येतंय की दूर चाललंय, हे पंधरा-वीस मिनिटांच्या आकड्यांचा कल पाहूनच कळतं. संवेदक वीजपुरवठ्याच्या यंत्रांपासून दूर, बॅटरीवर चालवा. आणखी एक गोष्ट त्याला कधीच साधणार नाही: ज्या ढगाची पहिलीच वीज तुमच्या डोक्यावर पडते, त्याची सूचना.

वीजसूचक असो वा नसो, एक नियम भिंतीवर लिहून ठेवा. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंद किंवा कमी लागले तर वीज १० किमीच्या आत आहे. सगळ्यांनी आत जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर यायचं नाही. दिवसाउजेडी अनेकदा वीज दिसत नाही, त्यामुळे नुसता गडगडाट ऐकू आला तरी आतच.

उभा_छेद

रडारबद्दल थोडं. किरण सरळ जातो, पृथ्वी खाली वाकते. अर्ध्या अंशाच्या कोनात सोडलेला किरण १०० किमीवर जमिनीपासून दीड किमी वर असतो, २०० किमीवर ४ किमी वर. १ अंश रुंदीचा किरण १०० किमीवर पावणेदोन किमी जाड होतो. म्हणजे रडारपासून दूर असाल तर ज्या गार थराबद्दल वर बोलणं झालं तो किरणाच्या खालूनच निघून जातो, आणि खाली पोचण्याआधी आटून गेलेला पाऊस मात्र चित्रात लालभडक दिसतो. ५ सेमी तरंगलांबीच्या रडारला जवळचा मुसळधार पाऊस अडवतो, त्यामागचं वादळ फिकं दिसतं. १० सेमीला हा त्रास बराच कमी. म्हणून 'चित्रात नाही, म्हणजे मागे काही नाही' असं धरू नये. चित्राची वेळही तपासा, ते पाच-दहा मिनिटं जुनं असतं आणि तेवढ्यात वादळ ७ किमी पुढे आलेलं असतं.

तुमचं केंद्र उपयोगी पडतं ते इथेच. किरणाखालचा शेवटचा दीड किलोमीटर फक्त जमिनीवरची उपकरणं पाहतात. दहा-पंधरा किलोमीटरवर एक अशी चांगली जाळी असली आणि तिची मिनिटाची नोंद खुली असली, तर गार आघाडी नकाशावर रेषेसारखी सरकताना दिसते, आणि दोन आघाड्या भिडतील तिथे नवं वादळ कुठे फुटेल याचाही अंदाज येतो.

गच्चीवरचं_केंद्र

आता नियम कसा लिहू? आणि तो चांगला चाललाय की नाही हे कशावरून ठरवू? 'शंभरात इतके दिवस बरोबर' असं मोजायचा विचार आहे.

पर्जन्यनोंद

टक्केवारी तशी मोजू नका. १८८४ मध्ये जॉन फिन्ली या अमेरिकी लष्करी हवामान निरीक्षकाने टोर्नेडोंचे अंदाज प्रसिद्ध केले आणि ते ९६.६ टक्के बरोबर असल्याचं सांगितलं. एकूण २८०३ अंदाज: २८ वेळा 'येईल' म्हटलं आणि आला, ७२ वेळा 'येईल' म्हटलं आणि आला नाही, २३ वेळा 'नाही' म्हटलं आणि आला, उरलेले २६८० 'नाही' आणि नाही. ग्रोव्ह गिल्बर्ट या भूवैज्ञानिकाने त्याच वर्षी दाखवून दिलं की रोज नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी ९८.२ टक्के बरोबर आलं असतं. दुर्मिळ घटनेत काहीच न घडलेले दिवस आकडा फुगवतात.

दोन आकडे वेगळे ठेवा. आलेल्या वादळांपैकी किती आधी सांगितली: फिन्लीचे ५१ पैकी २८, म्हणजे ५५ टक्के. वाजलेल्या भोंग्यांपैकी किती फुकट गेले: १०० पैकी ७२. पहिला वाढवायला गेलं की दुसराही वाढतो. शाळेसाठी चुकलेलं वादळ जास्त घातक, म्हणून थोडे फुकट भोंगे सोसावेत; पण तीनात दोन फुकट जायला लागले की कुणी मैदानावरून हलत नाही. मोजण्याआधीच ठरवून टाका की 'वादळ आलं' म्हणजे काय. उदाहरणार्थ, भोंग्यानंतर ४० मिनिटांत गडगडाट ऐकू आला किंवा सेकंदाला १५ मीटरचा झोत आला. नंतर ठरवलं तर मन आपल्या बाजूने मोजतं.

वातकुक्कुट

नियम दोन पायऱ्यांचा करा.

पहिली पायरी 'तयारी': अधिकृत अंदाजात वादळाची शक्यता असेल, आणि दुपारी एकनंतर दवबिंदू टिकून असेल, आणि रडारवर किंवा वीजसूचकावर ५० किमीच्या आत काही असेल. यात भोंगा नाही, फक्त मैदानावरच्या शिक्षकांना निरोप.

दुसरी पायरी 'आत या': शेजारच्या केंद्रावर दहा मिनिटांच्या आत पुढच्या तीनपैकी दोन गोष्टी घडल्या तर. दाब ०.८ हेक्टोपास्कलने चढला. तापमान ३ अंशांनी उतरलं. वारा ४५ अंशांहून जास्त फिरला आणि झोत सेकंदाला १० मीटरच्या वर गेला. वीज १५ किमीच्या आत आली किंवा गडगडाट ऐकू आला तर बाकी काहीही न पाहता भोंगा. अधिकृत इशारा आला तरीही भोंगा, तुमचे आकडे काहीही म्हणोत. हे उंबरठे सुरुवातीचे आहेत. एक ऋतू चालवून तुमच्या नोंदींवर जुळवा. रात्री तापमानाची अट ढिली पडते, कारण जमिनीलगतची हवा आधीच गार असते आणि आघाडी आल्यावर कधीकधी तापमान उलट चढतं. शाळेला रात्रीची गरज नाही, पण नोंदी तपासताना हे लक्षात असू द्या.

तुमच्या स्वतःच्या केंद्रावर हाच नियम फक्त नोंदीसाठी चालवा. शेजाऱ्याला त्याचा उपयोग आहे. तुम्ही त्याच्या वाऱ्याच्या वाटेवर असाल त्या दिवशी.

गच्चीवरचं_केंद्र

कामाचा क्रम असा लावतो: नोंद १ मिनिटावर आणि कच्चा दाब, मग घड्याळ, मग शेजारच्या दोन केंद्रांशी बोलणी, मग वारामापकाचा खांब. काही राहिलं?

पर्जन्यनोंद

वीजपुरवठा राहिला. सोसाटा सुटला की पहिल्यांदा वीज जाते, तिच्यामागे राउटर. जी दहा मिनिटं हवीत नेमकी तीच नोंदीत कोरी राहतात, आणि भोंगाही मुका. नोंदयंत्राला स्वतःचं मेमरी कार्ड आणि बॅटरी द्या, राउटर व भोंगा यूपीएसवर घ्या, आणि दर महिन्याला मुख्य स्विच बंद करून एक तास सगळं चालतं का ते पाहा. शेजारच्या केंद्राकडून दोन मिनिटं काहीच आलं नाही तर तेही 'तयारी'चं कारण समजा.

खांब गच्चीवरचा सर्वांत उंच धातू होणार आहे, तेव्हा त्याचं अर्थिंग इमारतीच्या वीजरोधकाला जोडून, जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. संवेदकाची तार खोलीत शिरते तिथे सर्ज अरेस्टर (तारेतून आलेला विजेचा लोंढा जमिनीत सोडणारं साधन) बसवा. आणि तयारीचा निरोप गेल्यानंतर खांबाला हात लावायला कुणीही गच्चीवर जायचं नाही, मापक तुंबलेला दिसला तरीही.

गच्चीवरचं_केंद्र

यूपीएस यादीत सर्वांत वर घेतला. दाबाचा चोवीस तासांचा तक्ता तयार झाला की इथेच टाकतो. आकडे तपासून द्यावेत ही विनंती.